नाव बदललेला संशयित कसा ओळखायचा? अभिजात रहस्यकथेच्या नव्या वाचकासाठी

जुन्या इंग्रजी रहस्यकथा नव्याने वाचायला घेतलेल्या अनेकांची एक तक्रार असते. दोनशे पानं आपण मन लावून वाचतो, प्रत्येकावर संशय घेऊन बघतो आणि शेवटी कळतं की अमुक गृहस्थ मुळात तो नव्हताच, वेगळ्याच नावाने तिथे येऊन राहिला होता. मग वाचकाने ओळखायचं तरी कसं?

कथा सुमार असेल तर ही तक्रार रास्त आहे. चांगल्या कथेत मात्र लेखकाने माग ठेवलेला असतो, आणि तो माग काढायची एक रीत आहे. ती शिकायला फार हुशारी लागत नाही, सवय लागते. इथे ती पायरीपायरीने सांगतो. उदाहरणादाखल आर्थर कॉनन डॉयलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी घेतली आहे, कारण या एकाच पुस्तकात ओळख लपवणारी तीन-चार माणसं आहेत आणि प्रत्येकाचं लपणं वेगळ्या जातीचं आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, या कादंबरीचं रहस्य पुढे उघड होणार आहे. वाचली नसेल तर आधी वाचा. इंग्रजी मूळ पुस्तक सहज मिळतं. डॉयलच्या दोन छोट्या कथांची उत्तरंही पुढे येतील, पण त्या तासाभरात वाचून होतात.

पूर्ण लेखभर एक गोष्ट ध्यानात ठेवा. असा माणूस खोटं बोलतो म्हणून त्याचं खोटं शोधत बसण्यात वेळ जातो. त्याने तयारी केलेली असते ती खोट्याचीच. तो सापडतो बोलण्याच्या ओघात सांगून गेलेल्या एखाद्या खऱ्या गोष्टीमुळे.

पायरी 1: कुठे थांबायचं ते आधी ठरवा

रहस्यकथा एका बैठकीत संपवायचा मोह होतो. ओळखायचं असेल तर तो आवरा. उलगडा सुरू होण्याच्या अलीकडे एक जागा असते, जिथे वाचकाच्या हातात जवळपास सगळं आलेलं असतं. तिथे पुस्तक मिटायचं.

‘हाउंड’मध्ये 15 प्रकरणं आहेत. अकराव्याच्या शेवटाला थांबा. बाराव्यात डिटेक्टिव्ह शेरलॉक होम्स स्वतःच अर्धं बोलून टाकतो, आणि एकदा त्याचं ऐकलं की आपली बुद्धी चालेनाशी होते. इतर पुस्तकांत साधा ठोकताळा असा: डिटेक्टिव्ह ‘आता मला सगळं कळलं’ अशा अर्थाचं काही बोलला की त्या पानाला कागद लावा.

सोबत वही हवी. कोऱ्या वहीची मागची चार पानं पुरतात.

पायरी 2: कोणाला कोण ओळखतं, याचा तक्ता करा

बहुतेक वाचक संशयितांची यादी करतात आणि प्रत्येकापुढे गुन्ह्याचं कारण लिहितात. ते नंतर. आधी प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न सोडवा: हा माणूस हाच आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं? त्याने स्वतः सांगितलं, की त्याला लहानपणापासून ओळखणारं कुणी आहे, की कुठे लेखी नोंद आहे?

‘हाउंड’मध्ये हा तक्ता करून बघा, डोळे उघडतात. डॉ. मॉर्टिमर पहिल्याच प्रकरणात येतो. त्याच्या विसरलेल्या काठीवर 1884 हे वर्ष कोरलेलं आहे, आणि होम्सचा सोबती वॉटसन डॉक्टरांच्या छापील यादीत त्याचं नाव काढून वाचतो. म्हणजे पक्की नोंद. नोकर बॅरिमोर संशयास्पद वागतो, त्याला भरघोस काळी दाढी आहे, पण त्याचं घराणं चार पिढ्या बास्करव्हिल वाड्याची देखभाल करत आलंय. तो कोण आहे याबद्दल शंकाच नाही. सतत कोर्टकज्जे करणारा म्हातारा फ्रँकलंड साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.

आता उरतात दोघं. एक म्हणजे खुद्द वारस सर हेन्री. तो कॅनडातून आलाय, आणि तो भला माणूस आहे हे मॉर्टिमरलाही इतरांकडूनच कळलंय. दुसरा मेरिपिट हाउसमध्ये राहणारा निसर्ग-अभ्यासक स्टेपलटन. त्याच्याविषयी जे काही कळतं ते सगळं त्याच्याच तोंडून. त्याचा बालमित्र नाही, नातेवाईक नाही, जुना शेजारी नाही. एक बहीण आहे, पण तिची ओळखही तोच करून देतो.

या तक्त्यावरून गुन्हेगार ठरत नाही. कोणाकडे पुन्हा बघायचं एवढंच ठरतं, आणि सर हेन्रीसारखा निर्दोष माणूसही त्यात येतो. घाई करू नका.

पायरी 3: घराण्यातली रिकामी जागा शोधा

ओळख लपवलेला माणूस हवेतून येत नाही. कथेच्या सुरुवातीला त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते. परदेशी गेलेला आणि परत न आलेला भाऊ, तान्हेपणी दुरावलेली मुलं, घरातून हाकललेला मुलगा, ‘वारला असं ऐकलं’ असा कुणी. वाचताना अशी व्यक्ती दिसली की तिच्याखाली रेघ मारा, मग ती कितीही बिनमहत्त्वाची वाटो.

तिसऱ्या प्रकरणात मॉर्टिमर बास्करव्हिल घराण्याची माहिती सांगतो. तीन भाऊ. थोरले सर चार्ल्स, ज्यांचा मृत्यू झालाय. मधला तरुणपणीच वारला, त्याचा मुलगा हेन्री. धाकटा रॉजर, घराण्याला काळिमा लावणारा. इंग्लंडमध्ये राहणं अशक्य झालं तेव्हा मध्य अमेरिकेत पळाला आणि 1876 मध्ये पीतज्वराने तिथेच मेला. आपण ‘बरं’ म्हणून पुढे जातो. पण त्याच बोलण्यात मॉर्टिमर आणखी एक गोष्ट सांगतो: रॉजर दिसायला थेट घराण्याचा पूर्वज ह्यूगो याच्या तैलचित्रासारखा होता म्हणे. हे वाक्य अंडरलाइन करून ठेवा, ते दहा प्रकरणांनंतर लागणार आहे.

रॉजर मेला हे मान्य करा. पण तो ज्या देशात मेला तिथे त्याने लग्न केलं की नाही, मूल झालं की नाही, हे सांगणारं कुणीच नाही. तीच रिकामी जागा.

इथे थोडं थांबतो, कारण ही युक्ती त्या काळच्या इंग्रजी कथांत इतक्या वेळा का येते हे समजलं की वाचनाची गोडी वाढते. इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1837 पासून सुरू झाली. देशातल्या देशात माणसाचा माग थोडाफार लागायचा. पण साम्राज्य पसरलेलं होतं ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, कॅनडापर्यंत, आणि दक्षिण अमेरिकेतही इंग्रज जाऊन राहत होते. तिकडून परतलेल्या माणसाने ‘मी अमुक’ म्हटलं की ते तपासायला महिनोन्‌महिने लागत. ब्रिटिश पासपोर्टवर फोटो आला तोच पहिल्या महायुद्धात. बोटांच्या ठशांची गोष्ट तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे करारावर हाताचा ठसा घेतला, 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं आणि तिथल्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये पोचली 1901 मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘हाउंड’ स्ट्रँड मासिकात क्रमशः छापायला लागली. कथेचा काळ मात्र 1889 चा, म्हणजे ठशांच्या आधीचा. स्टेपलटनला ते मोकळं रान होतं.

आणि हे सगळं लेखकांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. रॉजर टिचबोर्न नावाचा श्रीमंत घराण्याचा वारस 1854 मध्ये जहाज बुडून नाहीसा झाला. आईने आशा सोडली नाही, जाहिराती दिल्या. बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा गावचा एक खाटीक ‘मीच रॉजर’ म्हणून पुढे आला आणि आईने त्याला मुलगा म्हणून पदरात घेतलं. खटला 1871 मध्ये उभा राहिला, त्यापाठोपाठ फौजदारी खटला झाला, आणि 1874 मध्ये त्याला 14 वर्षांची शिक्षा झाली. खरा रॉजर फ्रान्समध्ये वाढलेला, आणि या माणसाला फ्रेंच येत नव्हतं! आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि 1776 मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्याने घोर लावला, ते आठवा. जिथे माणूस परत येईल अशी आस असते आणि त्याची शहानिशा करायचं साधन नसतं, तिथे असा दावेदार उभा राहतो. त्या काळच्या इंग्लंडमधल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला टिचबोर्न प्रकरण माहीत होतं. रहस्यकथेच्या वाचकाला ‘परदेशातून आलेला नातलग’ हे नुसतं ऐकूनच कान टवकारायची सवय तिथून लागलेली आहे.

‘हाउंड’मध्ये डॉयलने हे उलटं फिरवलं. टिचबोर्नचा दावेदार परका असून घरचा असल्याचं सांगत होता. स्टेपलटन घरचा असून परका असल्याचं भासवतो.

पायरी 4: तो तिथे कधी आला?

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नका. संशयित त्या गावात केव्हा आला आणि त्याच सुमारास दुसरं काय घडलं, या दोन तारखा शेजारी मांडा. स्टेपलटन स्वतःच वॉटसनला सांगतो की आम्हाला इथे येऊन दोनच वर्षं झाली, सर चार्ल्स राहायला आले त्यानंतर थोड्याच दिवसांत आलो. त्याने हे सहज सांगितलं. आपण मात्र ते वहीत लिहायचं.

पायरी 5: नातं जसं सांगितलं तसं वागण्यात दिसतं का?

लोक नाव बदलतात तसं नातंही बदलतात, आणि नातं टिकवून धरणं नावापेक्षा अवघड जातं. नाव उच्चारायचं असतं. नातं दिवसरात्र वागायचं असतं.

सातव्या प्रकरणात वॉटसन स्टेपलटन आणि त्याची बहीण बेरिल यांना पहिल्यांदा शेजारी शेजारी बघतो आणि म्हणतो की भावाबहिणीत याहून जास्त फरक असूच शकत नाही. तो फिकट केसांचा, करड्या डोळ्यांचा. ती इंग्लंडमध्ये सहसा न दिसणाऱ्या सावळ्या रूपाची, आणि तिच्या उच्चारात एक वेगळीच लकब. वॉटसन सभ्य माणूस, त्याने तुलना केली आणि सोडून दिली. आपण ती सोडायची नाही. तिचा मुलूख कुठला असेल, हा प्रश्न वहीत मांडा. मग तिसऱ्या प्रकरणातली मध्य अमेरिका आठवते का बघा. (ती निघते कोस्टा रिकाची.)

पुढे नवव्या प्रकरणात सर हेन्री बेरिलकडे लग्नाचा विषय काढतो आणि स्टेपलटन धावत येऊन आकांडतांडव करतो. आता विचार करा. एकाकी माळावर राहणाऱ्या बहिणीला लाखो पौंडांचा तरुण मालक मागणी घालतोय. भाऊ काय करेल? फार तर जरा नाखूश होईल, एकटं पडायच्या भीतीने कुरकुरेल. नंतर स्टेपलटन माफी मागताना नेमकं हेच कारण देतो, आणि ते पटण्यासारखं असल्यामुळे वाचक फसतो. पण राग शब्दांच्या आधी आला होता. तो भावाचा राग नव्हता, नवऱ्याचा होता. बेरिल त्याची बायको आहे.

मला विचाराल तर पूर्ण कादंबरीतला सर्वात सुंदर माग हा आहे. यात पायाचा ठसा नाही, राख नाही, तुटलेलं बटण नाही. माणूस आपल्या सोंगात राहायचं क्षणभर विसरला, एवढंच.

पायरी 6: एक खरी गोष्ट शोधा

आता मुख्य पायरी. संशयित स्वतःबद्दल जे जे सांगतो ते एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे त्याने का सांगितलं? ज्या गोष्टीचा त्याला काही फायदा नाही, जी त्याने सांगितली नसती तरी चाललं असतं, ती बहुधा खरी असते.

सातव्या प्रकरणातली ती भेट पुन्हा वाचा. वॉटसन माळावरून चाललाय. मागून हाक येते. तिशी-चाळिशीतला एक किडकिडीत, गुळगुळीत दाढी केलेला माणूस धावत येतो. अंगात करडा सूट, डोक्यावर गवती हॅट, खांद्याला वनस्पतींचे नमुने ठेवायचा पत्र्याचा डबा, हातात फुलपाखरं पकडायची हिरवी जाळी. गप्पिष्ट आहे. वॉटसनला तो माळ दाखवतो, धोकादायक दलदल दाखवतो. बोलता बोलता सांगतो की उत्तरेत माझी शाळा होती. मुलांबरोबर राहणं मला आवडायचं, पण साथ आली, तीन मुलं दगावली आणि शाळा बुडाली.

याची काही गरज होती? अजिबात नाही. हा माणूस माळावर कीटक गोळा करत हिंडतो, एवढ्यावर वॉटसनचं समाधान झालं असतं. पण माणसाला आपल्या आयुष्यातली एखादी गोष्ट मनापासून प्रिय असते किंवा एखादी मनापासून सलत असते, आणि ती बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. वॉटसनकडून हे होम्सला कळतं आणि तो लगेच कामाला लागतो. शिक्षकासारखा माग काढायला सोपा माणूस दुसरा नाही, असं तो म्हणतो. शिक्षकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सी होत्या, तिथे नोंदी होत्या. भयंकर परिस्थितीत बंद पडलेली उत्तरेतली शाळा कोणती, हे विचारल्यावर उत्तर आलं. शाळा होती यॉर्कशायरमध्ये, चालकाचं नाव होतं व्हँडेलूर, आणि तो बायकोसह नाहीसा झाला होता. त्याला कीटकांचं वेड होतं, हे कळल्यावर ओळख पुरी झाली.

वेडाचं तर आणखी पुढे आहे. यॉर्कशायरला असताना त्याने एका पतंगाचं पहिल्यांदा वर्णन केलं होतं, आणि त्या पतंगाला व्हँडेलूर हे नाव कायमचं चिकटलं होतं. बघा, नाव दोनदा बदललं, देश बदलला, धंदा बदलला, बायकोला बहीण केलं. जाळी मात्र हातातून सुटली नाही.

तेव्हा वहीत प्रत्येक संशयिताच्या नावाखाली दोन रकाने करा. पहिल्यात त्याला काय येतं ते लिहा: कुठली भाषा, कुठली कला, कुठला प्रदेश तपशिलाने माहीत आहे, कशाबद्दल बोलताना रंगतो. दुसऱ्यात त्याला काय यायला हवं होतं पण येत नाही. टिचबोर्नचा दावेदार दुसऱ्या रकान्यात सापडला, स्टेपलटन पहिल्या.

आता वाचक विचारेल, एजन्सीत चौकशी तर होम्सने केली, आम्हाला कुठे करता येते? नाहीच येत. आपण ओळखायचंय एवढंच, की ही गोष्ट तपासण्याजोगी आहे. सातव्या प्रकरणाच्या समासात ‘शाळा: खरी असणार, कुठली?’ एवढं लिहिलंत तरी तुम्ही वॉटसनच्या पुढे गेलात.

पायरी 7: दाढी, चष्मा, टोपी यांच्याकडे बघू नका, त्यांच्या आड काय आहे ते बघा

नवे वाचक वेषांतराला घाबरतात. पण जुन्या कथांतल्या वेषांतराची एक खूण आहे: जे लपवायचंय त्यावर काहीतरी ठळक ठेवलेलं असतं. लंडनमध्ये घोडागाडीतून सर हेन्रीचा पाठलाग करणाऱ्याला भरगच्च काळी दाढी आहे. दाढी म्हटल्यावर आपल्याला बॅरिमोर आठवतो, आणि लेखकाला तेच हवंय. होम्सला ती दाढी बघताक्षणी खोटी वाटते. मग प्रश्न फिरवायचा: दाढी कोणाला आहे हे विचारायचं नाही, खोटी दाढी लावायची गरज कोणाला पडेल ते विचारायचं. उत्तर उघड आहे, ज्याचा चेहरा गुळगुळीत आहे त्याला. त्या माणसाने गाडीवानाला आपलं नाव काय सांगितलं, तर ‘शेरलॉक होम्स’! इतका धीट माणूस बॅरिमोरसारखा घरगडी नसणार, हेही तिथेच कळतं.

तैलचित्राचा प्रसंग तेराव्या प्रकरणात आहे, म्हणजे आपण पुस्तक मिटल्यानंतर. रात्री होम्स मेणबत्ती घेऊन ह्यूगोच्या चित्रासमोर जातो. चित्राच्या मागे 1647 साल लिहिलेलं. तो खुर्चीवर चढतो आणि उजवा हात वाकवून चित्रातली रुंद हॅट आणि खांद्यावर रुळणारे केस झाकतो. उरतो तो फक्त चेहरा, आणि तो स्टेपलटनचा असतो. चेहरे बघावेत, त्यांची सजावट नव्हे, असं तो वॉटसनला सांगतो.

हा प्रसंग उत्तम आहे. पण निव्वळ पुरावा म्हणून पाहिला तर मला तो पायरी 6 पेक्षा कमी मोलाचा वाटतो, कारण वाचकाला ते चित्र दिसत नाही. वाचकाशी न्याय होतो तो तिसऱ्या प्रकरणातल्या मॉर्टिमरच्या त्या एका वाक्यामुळे. ते नसतं तर ही हातचलाखी ठरली असती.

याच पायरीचा दुसरा भाग: दोन माणसं कधीच एकत्र का दिसत नाहीत? ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ ही 1891 ची छोटी कथा यासाठी वाचा. मेरी सदरलंड या मुलीचं लग्न ठरतं, आणि लग्नाच्या दिवशी नवरा हॉस्मर एंजल गाडीतून गायब होतो. तो पुटपुटल्यासारखं बोलायचा, डोळ्यांवर रंगीत चष्मा, गालांवर दाट मिशा-कल्ले, पत्रं टंकलेली आणि खालची सहीसुद्धा टंकलेली. तिचे सावत्र वडील कामासाठी फ्रान्सला गेले की मगच हा भेटायला येणार. आवाज झाकलेला, डोळे झाकलेले, चेहरा झाकलेला, हस्ताक्षर झाकलेलं! जे जे झाकलंय ते ते तिच्या रोजच्या ओळखीचं असणार, एवढा विचार केला की उत्तर समोर येतं. सावत्र बापच तो. मेरीच्या नावावर वर्षाला शंभर पौंडांचं व्याज यायचं आणि तिचं लग्न झालं की ते घरातून जाणार होतं. होम्स त्याला एक पत्र पाठवतो, टंकलेलं उत्तर येतं, आणि दोन्हीकडची झिजलेली अक्षरं जुळतात.

जुळ्यांबद्दल लगेच सांगून टाकतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात दहावा असा की आधी पूर्वकल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ किंवा हुबेहूब दिसणारी माणसं आणू नयेत. त्या काळच्या चांगल्या लेखकाने जुळ्यांचा आधी कुठे उल्लेखच केला नसेल तर जुळ्यांचा संशय मनातून काढून टाका. उल्लेख केला असेल तर मात्र सोडू नका.

पायरी 8: लपणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो

नव्या वाचकाची सर्वात जास्त फसगत इथे होते. कुणीतरी काहीतरी लपवतंय हे कळलं की त्याला वाटतं, सापडला. पण चांगल्या रहस्यकथेत लपवालपवी पाच जण करतात आणि गुन्हा एकाने केलेला असतो. ‘हाउंड’मध्ये बॅरिमोर मध्यरात्री खिडकीत मेणबत्ती धरून उभा राहतो, बायको हुंदके देत असते. कारण? तुरुंगातून पळालेला सेल्डन हा तिचा धाकटा भाऊ आहे, आणि ती दोघं त्याला जेवण पोचवतात. माळावरच्या टेकडीवर चंद्रासमोर एक उंच सडपातळ आकृती उभी दिसते, वाचकाच्या अंगावर काटा येतो, आणि अकराव्या प्रकरणाच्या शेवटी कळतं की तो खुद्द होम्स आहे. बेरिल इशाऱ्याचं पत्र वर्तमानपत्रातले शब्द कापून पाठवते, स्वतःला लपवून, आणि ते केवळ सर हेन्रीचा जीव वाचावा म्हणून.

म्हणून प्रत्येक लपवणाऱ्यापुढे लिहा: हे बाहेर आलं तर त्याचं काय जाईल? बॅरिमोर बाईचा भाऊ जाईल. होम्सची मोहीम फसेल. बेरिलला नवऱ्याचा मार बसेल. स्टेपलटनची मात्र सगळी मालमत्ता हातून जाईल, कारण त्याच्या आणि इस्टेटीच्या मध्ये आता एकच माणूस उरलाय. इस्टेट थोडीथोडकी नाही, दहा लाख पौंडांच्या घरातली.

याच पायरीसाठी 1891 ची ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ वाचा. लंडनमधल्या एका अफूच्या अड्ड्याच्या खिडकीत एका बाईला आपला नवरा दिसतो आणि नाहीसा होतो. खोलीत सापडतो फक्त ओठ वाकडा झालेला एक भिकारी. नवऱ्याचा कोट नदीच्या गाळात मिळतो, खिशांत कोंबलेली 421 पेनी आणि 270 अर्ध्या पेनीची नाणी. भिकाऱ्यावर खुनाचा संशय. होम्स तुरुंगात ओला स्पंज घेऊन जातो, झोपलेल्या भिकाऱ्याचं तोंड पुसतो, आणि खालून तोच नवरा निघतो. स्वतःच्याच खुनासाठी तुरुंगात पडलेला माणूस! ओळख लपवली आहे, संशयितही आहे, आणि गुन्हा झालेलाच नाही.

पायरी 9: तर्क लिहून काढा, मगच पुढे वाचा

चार ओळी पुरे. कोण आहे, खरा कोण आहे, कुठल्या तीन जागांवरून, आणि त्याला काय मिळणार. तोंडी तर्काला अर्थ नाही, कारण उलगडा वाचल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं प्रत्येकाला वाटतं. ‘हाउंड’साठी ओळी अशा होतील: स्टेपलटन, रॉजरचा मुलगा, प्रकरण 3 (मध्य अमेरिका, ह्यूगोचं चित्र), प्रकरण 7 (शाळा, बहिणीचं रूप), प्रकरण 9 (राग), वारसा.

मग उलगडा वाचा आणि लेखकाचीही परीक्षा घ्या. ‘हाउंड’चा एक कच्चा दुवा खुद्द शेवटच्या प्रकरणात वॉटसन दाखवतो: वारसा हक्क सांगायची वेळ आली तर इतकी वर्षं वाड्याच्या शेजारी खोट्या नावाने का राहिलो, याचं स्टेपलटन काय उत्तर देणार होता? होम्स दोन-तीन शक्यता सांगतो, दक्षिण अमेरिकेत जाऊन तिथून दावा करायचा वगैरे, पण त्यालाही हे अवघड वाटतं. माझ्या मते डॉयलला याचं पक्कं उत्तर नव्हतं. माळ, दलदल आणि तो राक्षसी कुत्रा यांच्या जोरावर कादंबरी तरून जाते.

यानंतर काय वाचायचं

आधी दोन्ही छोट्या कथा, मग ‘हाउंड’, आणि मग अगाथा ख्रिस्तीची 1950 ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’. या शेवटच्या पुस्तकाचं उत्तर मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की चिपिंग क्लेगहॉर्न या गावात शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होईल अशी चक्क वर्तमानपत्रात जाहिरात येते, आणि एका मोठ्या वारशाच्या वाटेवर पिप आणि एमा नावाची जुळी भावंडं आहेत, ज्यांना लहानपणानंतर कुणी पाहिलेलंच नाही. महायुद्ध संपून पाच वर्षं झालीत. रहस्य उलगडणारी म्हातारी मिस मार्पल इन्स्पेक्टर क्रॅडॉकला सांगते की पूर्वी गावात कोण कुठला हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आता माणसं येतात आणि स्वतःबद्दल जे सांगतात तेवढंच आपल्याला कळतं. ओळखपत्रं आहेत, रेशनची पुस्तकं आहेत, पण त्यांच्यावर ना फोटो ना ठसा. डॉयलच्या काळात परदेशाने जे काम केलं ते इथे युद्धाने केलंय.

त्या पुस्तकात पायरी 2 चा तक्ता पहिल्या शंभर पानांतच करा आणि एकही नाव गाळू नका. ज्याच्याबद्दल ‘याला कशाला लिहायचं’ असं वाटेल, त्याचं नाव सर्वात आधी लिहा.